गोवा पाहिलेला माणूस बर्फाच्या समुद्रात का गेला? बारेंट्सच्या उत्तर मोहिमा (१५९४ ते १५९७)

सागरवाटा

डच नाविक विलेम बारेंट्सचे नाव निघाले की बहुधा एकाच हिवाळ्याची कथा सांगितली जाते. रशियाच्या उत्तरेकडील नोवाया झेम्ल्या या बेटांच्या किनाऱ्यावर जहाज बर्फात अडकले, सतरा डच माणसांनी लाकडाचे घर बांधून ध्रुवीय रात्र काढली आणि त्यांपैकी बारा जण जिवंत परतले, ही ती कथा. ती विलक्षण आहेच, आणि पुढे मीही ती सांगणार आहे. परंतु या धाग्यात मला मुख्यतः हे मांडायचे आहे की ही माणसे कोणत्या भरवशावर तिकडे गेली. त्यांना तिकडे नेणारी गोष्ट धाडसापेक्षा भूगोलाचा एक सिद्धान्त होती, आणि तो सिद्धान्त खरा मानणाऱ्यांत गोव्यात पाच वर्षे राहून आलेला एक माणूसही होता.

त्याचे नाव यान हाउखेन फान लिन्स्कोटेन. एंकहाउझन या बंदरगावात वाढलेला हा तरुण १५८३ मध्ये आर्चबिशप व्हिसेंते दा फोन्सेका यांच्या चाकरीत गोव्याला आला. त्यांच्या कारकुनाचे काम करताना त्याने पोर्तुगीजांच्या व्यापाराची बारकाईने माहिती जमवली. कोणत्या बंदरातून कोणता माल निघतो, कोणत्या महिन्यात कोणते वारे वाहतात, मलाक्याच्या पलीकडे जहाजे कोणत्या मार्गाने जातात, हे सारे त्याने टिपून ठेवले. आर्चबिशप वारल्यानंतर तो परत निघाला आणि अझोर्स बेटांवर दोन वर्षे खोळंबून १५९२ मध्ये घरी पोहोचला. गोव्याच्या बाजारपेठेचे त्याने केलेले वर्णन आणि त्यासोबतची चित्रे आजही जुन्या गोव्याच्या अभ्यासकांना उपयोगी पडतात.

आता प्रश्न असा की आशियाचा दक्षिणेकडचा मार्ग ज्याला तपशीलवार ठाऊक होता, तो १५९४ मध्ये उत्तरेच्या बर्फाळ समुद्राकडे का वळला? याचे एक कारण राजकीय होते. डच प्रांतांनी स्पेनच्या दुसऱ्या फिलिपविरुद्ध बंड केले होते आणि १५८० पासून पोर्तुगालही त्याच राजाच्या ताब्यात होते. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या, म्हणजे केपच्या, वळणावरून जाणाऱ्या मार्गावर शत्रूची जहाजे, शत्रूचे किल्ले आणि उष्ण प्रदेशातले आजार यांचा सामना करावा लागणार होता. उत्तरेकडून मात्र पृथ्वीगोलावर दोरी ताणून पाहिली तर चीन जवळ दिसत होता, आणि त्या वाटेवर कोणाचीही चौकी नव्हती.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ॲमस्टरडॅमचे धर्मोपदेशक आणि भूगोलवेत्ते पेट्रस प्लान्सियस यांच्या मते ध्रुवाजवळचा समुद्र मोकळा असला पाहिजे होता. उन्हाळ्यात तिथे सूर्य महिनोन् महिने मावळत नाही, त्यामुळे उष्णता साठत जाते. खोल खारे पाणी गोठत नाही. आणि जो बर्फ दिसतो तो नद्यांच्या गोड्या पाण्याचा, म्हणून किनाऱ्यालगतच असतो, अशी ही विचारसरणी होती. त्यातून निघणारा सल्ला सरळ होता: किनारा सोडा, आणखी उत्तरेला जा, बर्फ मागे पडेल. आज हे वाचताना नवल वाटते. परंतु त्या काळी हातात असलेल्या माहितीवर हा तर्क मूर्खपणाचा नव्हता, आणि तो तपासून पाहण्याचा मार्ग जहाज घेऊन जाणे हा एकच होता.

१५९४ च्या पहिल्या मोहिमेत दोन मते शेजारी शेजारी तपासली गेली. एंकहाउझन आणि झीलंडची जहाजे, ज्यांवर लिन्स्कोटेन होता, वायगाच बेटाच्या दक्षिणेकडील सामुद्रधुनीतून नोवाया झेम्ल्याच्या पूर्वेच्या कारा समुद्रात शिरली. ॲमस्टरडॅमचे जहाज घेऊन बारेंट्स प्लान्सियसच्या मतानुसार नोवाया झेम्ल्याच्या पश्चिम किनाऱ्याने थेट तिच्या उत्तर टोकापर्यंत गेला आणि बर्फामुळे मागे फिरला. लिन्स्कोटेनच्या चमूला ऑगस्टमध्ये कारा समुद्र मोकळा, खोल आणि निळा दिसला. चीनची वाट सापडली, अशी त्यांची खात्री झाली आणि ते तेवढ्यावरच परतले.

त्या एका अनुकूल उन्हाळ्याच्या बळावर १५९५ मध्ये सात जहाजे माल भरून निघाली. ती जुलैमध्ये, म्हणजे उशिराच निघाली, आणि सामुद्रधुनीच्या तोंडाशी पोहोचली तेव्हा तिथे बर्फच बर्फ होता. एका बेटावर पांढऱ्या अस्वलाने दोन खलाशांना ठार केले. सप्टेंबरात सगळा ताफा हात हलवत परत फिरला. सरकारने पुन्हा पैसा घालण्यास नकार दिला. मात्र जो कोणी ही वाट शोधील त्याला २५,००० गिल्डरचे बक्षीस जाहीर केले.

ॲमस्टरडॅम शहराने १५९६ च्या मे महिन्यात दोन जहाजे पाठवली. एकावर यान कॉर्नेलिस राइप होता, दुसऱ्यावर कप्तान याकोब फान हीम्सकर्क आणि मुख्य नाविक बारेंट्स. राइपच्या आग्रहाने ती या वेळी सरळ उत्तरेला गेली. जून महिन्यात त्यांना बेअर आयलंड आणि स्पिट्सबर्गेन ही नॉर्वेच्या उत्तरेकडील बेटे दिसली. स्पिट्सबर्गेनला ते ग्रीनलँडचाच भाग समजले. सुमारे ८० अक्षांशावर बर्फाने वाट अडवली. १ जुलैला दोघांचे मतभेद होऊन जहाजे वेगळी झाली, आणि बारेंट्स पूर्वेकडे वळून नोवाया झेम्ल्याचे उत्तर टोक ओलांडून पलीकडे गेला. तिथे २६ ऑगस्टला जहाज बर्फात कायमचे अडकले.

पुढच्या दहा महिन्यांची माहिती आपल्याला गेरिट दे वेअर या सहप्रवाशाच्या रोजनिशीवरून मिळते. झाडाचे नाव नसलेल्या त्या किनाऱ्यावर समुद्राने वाहून आणलेले मोठमोठे ओंडके पडलेले होते. ते घसरगाड्यांवरून ओढत आणून आणि जहाजाच्या फळ्या काढून त्यांनी घर उभे केले. ते पुरे होण्याआधीच जहाजाचा सुतार मरण पावला. घराच्या मधोमध चूल आणि वर धुराडे म्हणून एक पिंप बसवले होते. भिंतींवर आतून बोटा-दोन बोटांचा बर्फ साचे. पाय शेकायला बसले की ऊब जाणवण्याआधी मोजे करपत, आणि करपल्याचा वास आला म्हणजे पाय मागे घ्यायचे हे कळे. घड्याळ थंडीने बंद पडले, तेव्हा बारा तासांचे वाळूचे घड्याळ कोणीतरी सतत उलटत राहिले, जेणेकरून दिवसांची गणती चुकू नये. ही शेवटची गोष्ट कृपया लक्षात ठेवा. सूर्याचा विषय निघाला की तिचे महत्त्व कळेल, आणि त्यावर जाणकारांनी लिहावे अशी माझी विनंती आहे.

१५९७ च्या जूनच्या मध्यावर जहाज सोडून देऊन ते दोन उघड्या नावांतून निघाले. बारेंट्स तेव्हा स्कर्वीने, म्हणजे ताज्या अन्नाअभावी होणाऱ्या आजाराने, खंगलेला होता. नोवाया झेम्ल्याचे उत्तर टोक आले तेव्हा ते आणखी एकदा पाहता यावे म्हणून त्याने स्वतःला उचलून धरायला सांगितले. २० जूनला दे वेअरने काढलेला नकाशा पाहत असताना त्याने प्यायला पाणी मागितले आणि थोड्याच वेळात प्राण सोडला. उरलेले लोक किनाऱ्याकिनाऱ्याने रशियाच्या वायव्येकडील कोला या बंदरापर्यंत पोहोचले. तिथे त्यांना राइपच भेटला. तो एव्हाना मायदेशी जाऊन व्यापारासाठी परत आला होता. १ नोव्हेंबर १५९७ रोजी बारा माणसे कोल्ह्याच्या कातड्याच्या टोप्या घालून ॲमस्टरडॅमला उतरली.

वेधशाळा

सागरवाटा यांनी सूर्याचा विषय आमच्यावर सोपवला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ते घर साधारण ७६ अंश १५ मिनिटे उत्तर अक्षांशावर होते. तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य दिसेनासा झाला. गणिताने तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास परत दिसायला हवा होता. परंतु २४ जानेवारी १५९७ रोजी दे वेअर आणि हीम्सकर्क यांना दक्षिण क्षितिजावर सूर्याची कड दिसली. बारेंट्सने ते मान्य केले नाही, कारण खगोलगणितात तो मुरलेला होता आणि हे अशक्य आहे हे त्याला ठाऊक होते. २७ जानेवारीला पूर्ण सूर्यबिंब दिसले आणि तेव्हा वादाला जागा उरली नाही.

आपण हिशेब करून पाहू. २४ जानेवारीला सूर्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, सुमारे १९ अंश दक्षिण असते. त्या अक्षांशावर ऐन दुपारीही सूर्य क्षितिजाच्या जवळजवळ साडेपाच अंश खाली असायला हवा. वातावरणातून होणाऱ्या नेहमीच्या अपवर्तनाने, म्हणजे किरण वाकल्याने, क्षितिजावरचे बिंब जेमतेम अर्धा अंश वर उचलले जाते. मग उरलेल्या पाच अंशांचे काय? साहजिकच, या लोकांची दिनगणना चुकली असावी, अशी शंका ॲमस्टरडॅममध्ये घेतली गेली.

ही शंका येणार, हे त्यांनी तिथेच ओळखले होते. त्यांच्याजवळ व्हेनिससाठी केलेली ग्रहस्थितीची कोष्टके होती; आपल्या पंचांगासारखीच ती वापरली जात. त्यांत त्याच रात्रीच्या सुमारास चंद्र आणि गुरू यांची युती दिलेली होती. त्यांनी आकाशात लक्ष ठेवले आणि युती झालेली पाहिली. त्यावरून तारीख बरोबर असल्याचे सिद्ध झाले. बारा तासांचे वाळूचे घड्याळ उलटत राहण्याचा आटापिटा आणि युतीचा वेध या दोन गोष्टींमुळे दे वेअरची नोंद आज टिकून आहे.

खुलासा असा आहे. बर्फाच्या पृष्ठभागालगत अतिशय थंड हवा आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवा असे थर विस्तीर्ण प्रदेशावर स्थिर राहिले, तर प्रकाशकिरण त्या दोन थरांमधल्या सीमेवरून पुन्हा पुन्हा वाकत पृथ्वीच्या वक्रतेला धरून शेकडो किलोमीटर पुढे येतो. क्षितिजाखालचा सूर्य त्यामुळे वर दिसतो, बहुधा चपटा किंवा आडव्या पट्ट्यांच्या आकारात. या आविष्काराला आज नोवाया झेम्ल्याचेच नाव दिलेले आहे. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ च्या आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात या डच निरीक्षणाची दखल घेऊन त्याचा विचार केला होता. पुढे १९१५ मध्ये शॅकल्टनचे जहाज अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राच्या बर्फात अडकलेले असताना, हिवाळ्यापुरता मावळलेला सूर्य आठवडाभराने, ८ मे रोजी, पुन्हा वर आलेला त्याच्या लोकांनी पाहिला.

मला स्वतःला या प्रकरणात सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, आपल्या मुख्य नाविकाचे गणित विरुद्ध असतानाही दे वेअरने डोळ्यांना दिसले ते लिहिले आणि सोबत तारखेचा पुरावाही जोडला.

खारावारा

उत्तम धागा. जहाजावरच्या आजारपणांसंबंधी दोन-तीन गोष्टी जोडतो.

७ डिसेंबर १५९६ च्या सुमारास थंडी इतकी वाढली की त्यांनी जहाजावरून आणलेला दगडी कोळसा पेटवला आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दार व धुराडे बंद केले. थोड्याच वेळात सर्वांना घेरी येऊ लागली. एकाने कसेबसे दार उघडले म्हणून सगळे वाचले. हा अर्थातच कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम होता. याच संदर्भात सर ह्यू विलोबी यांच्या १५५३ च्या इंग्रजी मोहिमेची आठवण होते. त्यांच्या तीन जहाजांपैकी रिचर्ड चान्सलरचे जहाज श्वेत समुद्रात पोहोचले आणि तो तिथून मॉस्कोला गेला. दोन वर्षांनी स्थापन झालेली मस्कोव्ही कंपनी हे त्याचेच फळ होय. मात्र स्वतः विलोबी दोन जहाजांसह कोलाच्या किनाऱ्यावर हिवाळ्यासाठी थांबला आणि तिथे सगळेच्या सगळे लोक मेले. कागदपत्रांवरून जानेवारी १५५४ मध्ये ते जिवंत होते असे दिसते. केवळ थंडी किंवा उपासमार हे कारण काही अभ्यासकांना पटत नाही. बंद जागेत पेटवलेल्या कोळशाच्या वायूने त्यांचा जीव गेला असावा, असा त्यांचा तर्क आहे. दे वेअरची डिसेंबरची नोंद वाचली की तो तर्क पटण्यासारखा वाटतो.

दुसरी गोष्ट स्कर्वीची. सूर्य गेला तशी अस्वले गेली आणि पांढरे कोल्हे आले. सापळ्यात पकडलेल्या कोल्ह्यांचे ताजे मांस त्यांना मिळत राहिले. जीवनसत्त्व 'क' हे नावही तेव्हा नव्हते, पण बरेच जण जगले त्याला ताज्या मांसाचा हातभार असला पाहिजे. परतीच्या वाटेवर किनाऱ्यावर एक पाणथळ रानभाजी सापडली, जी स्कर्वीवर उपयोगी असल्याचे डच खलाशांना माहीत होते. ती ओंजळी भरभरून खाल्ल्यावर काहींना लगेच उतार पडल्याचे रोजनिशीत नोंदले आहे. याच्या उलट, मे महिन्याच्या अखेरीस त्यांनी अस्वलाचे यकृत शिजवून खाल्ले आणि ते आजारी पडले. तिघांची कातडी डोक्यापासून पायापर्यंत सोलून निघाली. त्या यकृतात जीवनसत्त्व 'अ' विषारी प्रमाणात असते, हे विज्ञानाला कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

ध्रुवतारा

धागा आवडला, तथापि 'शोध' हा शब्द जपून वापरावा, असे सुचवतो. रशियाच्या उत्तर किनाऱ्यावरचे पोमोर शिकारी आणि कोळी बारेंट्सच्या आधीपासून या पाण्यात वावरत होते. वालरसाचे दात, सील आणि मासे यांसाठी ते नोवाया झेम्ल्यापर्यंत जात. डच लोकांना १५९४ मध्येच किनाऱ्यावर त्यांनी उभारलेले लाकडी क्रूस आढळले होते. त्यांच्या होड्यांची बांधणीही बर्फाच्या समुद्राला साजेशी होती. डच जहाजे मोठी आणि खोल बुडाची असल्याने उथळ किनारपट्टीवर आणि बर्फाच्या फटींतून त्यांना वावरता येत नसे. मग डच नाविकांनी या लोकांकडून वाट का शिकून घेतली नाही?

सागरवाटा

ध्रुवतारा यांचा मुद्दा अगदी रास्त आहे. डच नाविकांनी पोमोरांना विचारले होतेच. १५९५ मध्ये वायगाचच्या परिसरात त्यांनी रशियन आणि सामोयेद या तिथल्या मूळ रहिवासी लोकांकडून पलीकडच्या समुद्राची माहिती घेतली. परंतु पोमोरांचे ज्ञान किनाऱ्याचे होते, आणि प्लान्सियसचा सिद्धान्त तर किनारा सोडा म्हणत होता. सिद्धान्तावर विश्वास असेल तर किनाऱ्यावरच्या माणसाच्या अनुभवाला कमी वजन मिळते. या मोहिमांतली खरी चूक मला इथे दिसते.

आणि तरीही शेवटी पोमोरच उपयोगी पडले. जुलै १५९७ च्या अखेरीस दोन उघड्या नावांतल्या त्या हाडाच्या सापळ्यांना रशियन शिकारी भेटले, आणि त्यांच्यातल्या काहींनी हीम्सकर्क व दे वेअर यांना पूर्वीच्या मोहिमेवरून ओळखले. एवढे मोठे जहाज असलेली माणसे या अवस्थेत कशी, याचे त्यांना फार वाईट वाटले. त्यांनी भाकरी आणि धुरवलेले पक्षी दिले. पुढे कोलापर्यंत अशा भेटी होत गेल्या आणि प्रत्येक वेळी दिशा आणि अन्न मिळाले.

जुनी वखार

लिन्स्कोटेनच्या निमित्ताने एक गोष्ट सांगावीशी वाटते. उत्तरेच्या मोहिमांत तो स्वतः गुंतलेला असतानाच त्याने गोव्यात जमवलेली माहिती दक्षिणेकडे कामाला लागली होती. कॉर्नेलिस दे हाउटमनची चार जहाजे एप्रिल १५९५ मध्ये केपच्या मार्गाने निघाली. मलाक्याची पोर्तुगीज चौकी टाळून सुमात्राच्या दक्षिणेने सुंदा सामुद्रधुनीकडे जावे, हा लिन्स्कोटेनचा सल्ला त्यांनी पाळला. माणसे फार मेली, नफाही बेताचाच झाला. पण ऑगस्ट १५९७ मध्ये तीन जहाजे परत आली आणि वाट सिद्ध झाली. म्हणजे बारेंट्सचे साथी कोलाच्या दिशेने वल्ही मारत होते त्याच महिन्यात उत्तरेच्या मार्गाची निकड संपली होती, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

पुढचा इतिहास आपल्या किनाऱ्याला चांगलाच ठाऊक आहे. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली, १६३६ पासून काही वर्षे त्यांनी गोव्याच्या तोंडाशी नाकेबंदी केली आणि वेंगुर्ल्याला त्यांची वखार उभी राहिली. वेंगुर्ल्याच्या त्या पडक्या भिंती पाहताना लिन्स्कोटेनची आठवण व्हायला हवी. हीम्सकर्कही पूर्वेकडे आला. १६०३ मध्ये सिंगापूरजवळ त्याने 'सांता कातारिना' हे मालाने भरलेले पोर्तुगीज जहाज पकडले, आणि त्या जप्तीच्या समर्थनातूनच डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियसचा खुल्या समुद्राचा कायदेशीर सिद्धान्त पुढे आला. १६०७ मध्ये जिब्राल्टरच्या लढाईत हीम्सकर्क मारला गेला.

खारावारा

जुनी वखार यांच्या प्रतिसादाला पूरक म्हणून: गोव्याचा स्पिट्सबर्गेनशी आजही संबंध आहे. वास्कोला असलेले राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र भारताचे आर्क्टिकमधले 'हिमाद्री' हे संशोधन स्थानक चालवते. ते २००८ मध्ये स्पिट्सबर्गेनवरील न्यू-ऑलेसुंद येथे सुरू झाले.

वेधशाळा

मोकळ्या ध्रुवीय समुद्राचा सिद्धान्त बारेंट्सबरोबर संपला का, हा प्रश्न मला पडला आहे. सागरवाटा यांनी त्यावर लिहावे.

सागरवाटा

संपला नाही, आणि याचे मला सर्वांत अधिक आश्चर्य वाटते. स्वतः दे वेअरनेच आपल्या वृत्तान्तात तो उचलून धरला. ८० अक्षांशावर स्पिट्सबर्गेनला त्यांना गवत आणि चरणारे प्राणी दिसले होते, तर ७६ अक्षांशावरच्या नोवाया झेम्ल्यावर गवताची काडी नव्हती. यावरून त्याने अनुमान काढले की थंडीचे कारण ध्रुवाचे सान्निध्य नसून आजूबाजूच्या समुद्रातला बर्फ आहे. निरीक्षण खरे होते. फक्त स्पिट्सबर्गेनच्या पश्चिमेला उबदार सागरी प्रवाह येतो, हे त्याला माहीत नव्हते. ज्याने दहा महिने बर्फ भोगला त्यालाही मोकळा समुद्र पलीकडे असल्यासारखा वाटत होता, यावरून त्या कल्पनेची पकड लक्षात येते.

१७७३ मध्ये याच आशेने ब्रिटिश नौदलाने कॉन्स्टंटाइन फिप्सला दोन जहाजे देऊन स्पिट्सबर्गेनच्या उत्तरेला पाठवले. त्यांतल्या एकावर किशोरवयीन होरेशिओ नेल्सन होता. ८१ अक्षांशाच्या थोडे अलीकडे ती जहाजे बर्फात सापडून मोठ्या मुश्किलीने सुटली. एकोणिसाव्या शतकात जर्मन भूगोलवेत्ते ऑगस्ट पेटरमन यांनी ही कल्पना नव्याने मांडली. तिच्या प्रभावाखाली १८७९ मध्ये अमेरिकेचे 'जॅनेट' हे जहाज बेरिंगच्या सामुद्रधुनीतून उत्तरेला गेले, जवळजवळ दोन वर्षे बर्फाबरोबर वाहत राहिले आणि जून १८८१ मध्ये चिरडून बुडाले. त्याच सुमारास, १८७८-७९ मध्ये, नॉर्डेनशल्डच्या 'वेगा' या जहाजाने ईशान्य मार्ग, म्हणजे युरोपातून आशियाच्या उत्तरेने पॅसिफिककडे जाणारी वाट, प्रथमच पार केला होता. तेही किनारा धरून, आणि बेरिंगच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी बर्फात एक हिवाळा काढून.

'जॅनेट'चे काही अवशेष १८८४ मध्ये थेट ग्रीनलँडच्या किनाऱ्याला लागले. त्यावरून नॉर्वेचा संशोधक नान्सेन याने ताडले की ध्रुवीय बर्फ सैबेरियाकडून ग्रीनलँडकडे सतत वाहत असला पाहिजे. बर्फाच्या दाबाने वर उचलले जाईल अशा गोलसर बुडाचे 'फ्राम' हे जहाज बांधून घेऊन १८९३ मध्ये त्याने ते मुद्दाम बर्फात अडकवले. तीन वर्षांनी ते स्पिट्सबर्गेनजवळ मोकळ्या पाण्यात बाहेर आले. वाटेत खोली मोजायला टाकलेल्या, शिसे बांधलेल्या दोऱ्या ३,००० मीटरहून अधिक खोल गेल्या, आणि त्या खोल समुद्रावर उन्हाळा-हिवाळा वाहत्या बर्फाचे आवरण असल्याचे दिसून आले. म्हणजे पलीकडे समुद्र आहे, हे प्लान्सियसचे म्हणणे खरे ठरले. तो मोकळा आहे, हे खोटे ठरले. 'फ्राम'च्या या सफरीवर स्वतंत्र धागा काढण्याचा विचार आहे. ध्रुवतारा यांनी त्यात पोमोरांच्या होड्यांविषयी अधिक लिहावे, कारण 'फ्राम'च्या बांधणीशी त्यांची तुलना करून पाहण्याची माझी इच्छा आहे.